बाळंतिणीचा सव्वा महिना आणि बदलत गेलेले सल्ले

एकाच घरातील आजी, आई आणि सून या तिघींना आपापल्या बाळंतपणात काय सांगण्यात आले, हे शेजारी शेजारी मांडून पाहिले तर माणूस गोंधळून जातो. आजीला सांगितले गेले, पहिले तीन दिवस बाळाला अंगावर घेऊ नकोस, तो चीक पिळून टाक. आईला सांगितले गेले, घड्याळ पाहून दर तीन तासांनी पाज आणि दूध पुरत नसेल तर डब्याचे सुरू कर. सुनेला दवाखान्यातील सिस्टर सांगते, तासाभरात बाळ छातीशी लाव, तो चीकच त्याची पहिली लस आहे, आणि सहा महिने वरून पाण्याचा थेंबही देऊ नकोस. तिघींना सांगणारी माणसे त्यांच्या भल्याचेच सांगत होती. मग खरे कोणाचे मानावे? आणि उद्या सुनेच्या मुलीला आणखी चौथेच काही सांगितले जाणार असेल, तर आजचे तरी का ऐकावे?

हा वाद आमच्या अंजनगाव-सुर्जीत घरोघरी होतो. एक बाजू म्हणते, आजकालच्या पोरींना काही कळत नाही. दुसरी म्हणते, जुन्या बायका अडाणी होत्या. आमच्या मते दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. सल्ला बदलतो त्याला प्रत्येक वेळी काहीतरी कारण असते, आणि ते कारण समजून घेतले की कोणता सल्ला ठेवावा व कोणता सोडावा, हे घरातल्या घरात ठरविता येते. त्या कारणांचीच माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. औषध सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र कडेवर महिन्या-दोन महिन्यांचे लेकरू घेऊन पासबुक पुढे करणाऱ्या बाया आम्हांला रोज खिडकीपलीकडे दिसतात. त्यांच्या पैशांचा विषयही पुढे येणार आहे, कारण बाळंतपणातील विश्रांतीचा तोही एक भाग आहे.

सव्वा महिनाच का?

प्रथम बाईच्या शरीरात काय होते ते पाहू. प्रसूती झाल्याबरोबर गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते आकसून शंभर ग्रॅमच्या आत येते. वार ज्या जागी चिकटलेली होती तेथे आत एक जखमच असते. ती भरून येईपर्यंत अंगावरून जाते. आधी लाल, मग फिकट, मग पांढरट, असे ते चार ते सहा आठवडे चालते. टाके असतील तर ते भरायचे, सिझेरियन असेल तर पोटाचे थर जुळून यायचे, गेलेले रक्त भरून निघायचे, दूध उतरायचे, आणि हे सर्व रात्रीची झोप मोडत असताना! म्हणूनच वैद्यकशास्त्र प्रसूतीनंतरचे ४२ दिवस वेगळे मोजते. मातामृत्यूची व्याख्या करतानाही गर्भारपण आणि त्यानंतरचे ४२ दिवस धरतात. आपला सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. सुश्रुतसंहितेत हा काळ दीड महिन्याचा सांगितला आहे. ज्यांच्याजवळ वजनकाटा नव्हता, गर्भाशय आत किती आकसले हे पाहण्याचे साधन नव्हते, त्यांनी नुसत्या निरीक्षणाने हा आकडा किती जवळ आणून ठेवला होता हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मात्र विश्रांती म्हणजे काय, याचा अर्थ बदलला. पूर्वी बाळंतिणीने बाजेवरून उतरायचे नाही अशी रीत होती. ही समजूत केवळ आपलीच होती असे नाही. इंग्लंड-अमेरिकेतील दवाखान्यांतसुद्धा १९३०च्या दशकापर्यंत बाळंतिणीला दहा दिवस ते दोन आठवडे पलंगावर झोपवून ठेवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून बायकांना लवकर उठवून चालविले गेले. तेव्हा दिसून आले की त्यांचे नुकसान तर झाले नाहीच, उलट पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचे प्रमाण कमी झाले. तेव्हापासून साध्या बाळंतपणात काही तासांत आणि सिझेरियननंतरही साधारण दिवसभरात बाईला उठवून चालवितात. तेव्हा बाळंतिणीने खोलीत, अंगणात चालावे-फिरावे. पाण्याची गुंडी उचलू नये, धुणे धुऊ नये, शेतात जाऊ नये. विश्रांती म्हणजे कामातून सुटका. नुसते पडून राहणे नव्हे.

डिंक, अळीव आणि पिंपळमूळ

वऱ्हाडातील बाळंतिणीचे खाणे हा या सर्व परंपरेतील आम्हांला सर्वांत आवडणारा भाग आहे. खारीक-खोबऱ्याचे आणि डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपा, सुंठ, पिंपळमूळ. यातील पिंपळी तर आमच्या गावचीच. अंजनगाव आणि अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यात पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळीचे पीक पिढ्यान्पिढ्या घेतले जाते, आणि येथली पिंपळी दूरदूरच्या औषधी बाजारात जाते. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे साधारण एका जास्तीच्या जेवणाइतके. तूप, गूळ, डिंक, खोबरे यांतून ते मिळतात. अळिवात लोह भरपूर असते. तेव्हा ज्या आजीबाईंनी हा आहार ठरविला त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दूध वाढते ते लाडवांनी नव्हे, बाळाने ओढल्याने. बाळ जितके जास्त वेळा ओढेल तितके दूध जास्त तयार होते. हा अगदी सरळ हिशोब आहे. लाडू आईच्या शरीराची झीज भरून काढतात. ज्या घरात तूप-खारीक परवडत नाही तेथील बाईने मनाला लावून घेऊ नये. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, शेंगदाणे, गूळ, अंडी आणि रोज एखादी पालेभाजी यांवरही तिचे अंग उत्तम भरते. सोबत आशाताई किंवा दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने घ्यावयाच्या असतात. या गोळ्या देव्हाऱ्याच्या किंवा टीव्हीच्या मागे पुडीत पडून राहतात, हे आमच्याप्रमाणे आपणही अनेक घरांत पाहिले असेल.

चुकीचा भाग आहे तो बंदीचा. "माय, पानी जास्त पेऊ नोको, लेकराले सर्दी होते" हे वाक्य वऱ्हाडात कोणी ऐकले नसेल असे नाही. आता आपल्याकडचा उन्हाळा कोणाला सांगावयास नको. पारा ४४-४५ अंशांवर, खोली बंद, बाजेखाली शेगडी, आणि दूध पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून! अशाने लघवीला जळजळ होते, मलावरोध होतो, ओल्या टाक्यांवर कुंथावे लागते आणि अंगात पाणी कमी पडून चक्कर येते. आईने पाणी प्याल्याने बाळाला सर्दी होत नाही. वरण-भात, केळी, पालेभाजी, दही यांनीही सहसा काही बिघडत नाही.

खोली, शेगडी आणि नाळ

शेगडीचे तसे नाही. तिच्यामागे एक खरे कारण होते. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखी हुडहुडी भरत नाही, त्याच्या अंगावर चरबीही कमी, त्यामुळे ते फार लवकर थंड पडते. आणि थंड पडलेले बाळ दूध ओढत नाही, सुस्त होते, दगावूही शकते. जुन्या बायकांनी हे पाहिले होते, म्हणून खोली गरम ठेवण्याची रीत पडली. कारण बरोबर होते, उपाय मात्र धुराचा निघाला. बंद खोलीतील कोळशाचा धूर आणि त्यातला न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साईड वायू आई व बाळ दोघांनाही घातक आहे. ओवा-शेपा टाकून धुरी दिल्याने धूर कमी होत नाही.

ऊब द्यायची ती कशी, हे कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरातील डॉक्टरांनी १९७८च्या सुमारास दाखवून दिले. त्यांच्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची बाळे पुष्कळ आणि त्यांना ठेवण्याच्या काचेच्या पेट्या थोड्या. त्यांनी उघडे बाळ आईच्या उघड्या छातीवर सरळ धरून वरून कापडाने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू आपले पिलू पिशवीत ठेवते त्यावरून याला कांगारू पद्धत म्हणतात. आईचे अंग हीच शेगडी! बाळाची ऊब टिकते, ते जवळच असल्याने वारंवार पिते, वजन वाढते. यात बापही बाळाला छातीशी धरू शकतो. आमच्याकडील पुरुषांनी या वाक्यावरून नजर पुढे नेऊ नये.

अंघोळीचेही असेच झाले. पूर्वी बाळ जन्मले की लगेच बेसन लावून चोळून अंघोळ. अंगावरचा तो पांढरा लेप घाण समजला जाई. तो लेप बाळाच्या कातडीचे रक्षण करतो, म्हणून आता पहिले २४ तास अंघोळ घालू नये, नुसते कोरडे पुसून गुंडाळावे, आणि वजन कमी असेल तर आणखी थांबावे असे सांगतात. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. कानात-नाकात तेल सोडणे, बाळाची छाती पिळणे, त्याला पायांनी उलटे धरणे हे मात्र थांबलेच पाहिजे. काजळात शिसे असू शकते, म्हणून डोळ्यांत काजळ नको. मधाचे बोट नको. मधातील एका जंतूमुळे वर्षाच्या आतील बाळाला अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, हे १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखले गेले. ते पूर्वीच्या कोणाला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

नाळेची हकीकत अधिक गंभीर आहे. विळ्याने किंवा घरातल्या पात्याने नाळ कापायची आणि तिच्यावर शेण, राख, हळद, तेल असे काहीतरी लावायचे, ही रीत खेड्यापाड्यांत फार काळ होती. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. ते नाळेवाटे शिरले की साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळाचा जबडा धरतो, ते दूध ओढणे सोडते, अंग ताठ होते. पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येते आणि त्या रात्री बाळाला जपावे लागते ही समजूत याच अनुभवातून आली असावी, असे आम्हांला वाटते. भीती खरी होती. तिचे मूळ विळ्यावर होते. गरोदरपणी धनुर्वाताची लस, नवे पाते, स्वच्छ हात आणि नाळेवर काहीही न लावता ती कोरडी ठेवणे, एवढ्याने हा आजार गेला. २०१५ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्याची गावात कोठे मिरवणूक निघाली नाही.

येथे आपल्या समाजापुरते एक सांगावेसे वाटते. १९५६च्या धर्मांतरानंतर आपल्या अनेक घरांतून पाचवीची सटवी गेली. पाट, कोरा कागद, लेखणी, लिंबू सर्व गेले. परंतु त्याच खोलीतील शेगडी, पाण्याची बंदी आणि पिळून टाकलेला चीक कितीतरी वर्षे तसाच राहिला. कारण त्या गोष्टी आपण पूजा मानत नव्हतो, 'अनुभव' मानत होतो. पूजा सोडणे सोपे गेले, अनुभव तपासणे अवघड गेले. ज्या शेंडगावात १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला ते आपल्याच तालुक्यात आहे. त्यांनी आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचे जेवण दिले, तेव्हा भाऊबंद रागावले होते. बाळंतघरातली एक पंगत बदलण्यासही एवढे धैर्य लागते.

डॉक्टरांनीही सल्ला बदलला

विद्यार्थी मित्रांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. सल्ला केवळ आजीबाईंचा चुकला असे नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराला दिसले की सुईणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी तापाने कितीतरी अधिक मरतात. डॉक्टर मंडळी प्रेत चिरून त्याच हातांनी बाळंतपण करीत होती. सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. परंतु आपले हात घाण आहेत हे मान्य करण्यास त्या काळचे मोठे डॉक्टर तयार झाले नाहीत. त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यापूर्वीच तो वारला.

डब्याच्या दुधाचेही तेच. ते विज्ञानाच्या नावानेच घरात शिरले. जाहिरातीतील गुटगुटीत बाळे, फुकट वाटलेले डबे, आणि अंगावरच्या दुधापेक्षा हे चांगले असा समज. गरीब घरात डबा आठवड्याऐवजी पंधरा दिवस पुरविण्यासाठी पाणी वाढविले जाई, बाटली उकळण्यास सरपण नसे, आणि बाळाला हगवण लागे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या जाहिरातबाजीविरुद्ध संहिता केली. भारताने १९९२ साली बाळदूध व दूधबाटल्यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. वरचे अन्न केव्हा सुरू करावे याबाबतही आधी चार ते सहा महिने असे सांगत. २००१पासून जगभर सहा महिने पूर्ण झाल्यावर असे सांगू लागले. म्हणून नव्वदच्या दशकातील आई "आम्हाला तर चौथ्या महिन्यात पेज सांगितली होती" म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते.

आणि एका बाबतीत तर आजीच जिंकली! अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक जगभर खपले. त्याच्या १९५०च्या दशकानंतरच्या आवृत्त्यांत बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला होता. उलटी झाली तर घशात अडकू नये, हा त्यामागचा विचार. पुढे दिसून आले की पालथ्या झोपलेल्या बाळांत झोपेतच अचानक मरण येण्याचे प्रमाण अधिक आहे. १९९४ साली अमेरिकेत बाळाला पाठीवर झोपवा अशी मोहीम काढावी लागली आणि असे मृत्यू पुष्कळ कमी झाले. आमच्या आजीबाई झोळीत बाळाला उताणेच ठेवीत. त्यांना कारण ठाऊक नसेल, रीत बरोबर होती.

कोवळ्या उन्हाची गोष्टही अशीच. बाळ पिवळे दिसले की आपल्याकडे सकाळच्या उन्हात धरतात. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड ही परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असे. त्या बाळांच्या कातडीचा उघडा राहिलेला भाग कमी पिवळा असल्याचे तिने डॉक्टरांना दाखविले, आणि त्यातूनच आजची निळ्या प्रकाशाची उपचारपद्धती निघाली. परंतु यावरून केवळ उन्हावर विसंबू नये. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर बाळ लगेच दवाखान्यात न्यावे, कारण कावीळ मेंदूत गेली की ते नुकसान भरून येत नाही.

गडचिरोलीचा धडा

हे सर्व ज्ञान दवाखान्यात असून भागत नाही. मेळघाटात १९९३ साली बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली. आमच्या गावातून उत्तरेला पाहिले की दिसतो तोच हा डोंगर. तेथे पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आपण तिकडे बोट दाखवून हळहळतो. परंतु सपाटीवरच्या गावांतही बिब्ब्याचे डाग देणाऱ्या बाया होत्याच.

याचे उत्तर आपल्याच विदर्भात सापडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच थोडे शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब कशी द्यावी ते दाखवीत, अंगावर पाजण्यास मदत करीत, श्वास मोजीत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांच्या कामाने त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. २०११पासून देशभर आशाताई बाळाला भेटण्यासाठी घरी येऊ लागल्या त्याचे मूळ येथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा या भेटी असतात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. १९७१ साली आपल्या देशात हजारात १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० साली तो आकडा २८ आणि महाराष्ट्रात १६ होता.

म्हणून आशाताई आली की "सर्व ठीक आहे" म्हणून तिला दारातून परत पाठवू नये. बाळाला उघडे करून दाखवावे. बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, अंग गार किंवा तापलेले आहे, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेते, छाती आत ओढली जाते, नाळेतून पू येतो, झटका आला, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आईला तासाभरात कापडामागून कापड भिजेल इतके रक्त जाणे, ताप, घाण वास, एकाच पोटरीला सूज व दुखणे, दम लागणे, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका येणे, यांतले काहीही झाले तर १०८ किंवा १०२ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आई आणि आजारी बाळ यांची ने-आण व उपचार २०११च्या योजनेनुसार विनामूल्य आहेत. मृत्यूचा सर्वांत मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो. म्हणून साधे बाळंतपण झाले तरी दवाखान्यात दोन दिवस थांबावयाचे असते. "जागा चांगली नाही" म्हणून त्याच संध्याकाळी घरी निघून येणे बरे नव्हे.

मनाच्या दुखण्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे पुष्कळ बायकांना होते आणि दोन आठवड्यांत ते जाते. त्यापुढेही बाई उदास राहिली, बाळाकडे पाहीनाशी झाली, झोप उडाली, जीव देण्याच्या गोष्टी करू लागली तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. तिला बाहेरचे लागलेले नसते. मांत्रिकाकडे घालविलेले आठ दिवस फार महाग पडतात. मुलगी झाली म्हणून टोमणे मारणाऱ्या घरात हा आजार अधिक वाढतो, हे काय सांगावयास पाहिजे?

सव्वा महिना कोणाला मिळतो?

आतापर्यंत आपण ज्या सव्वा महिन्याची चर्चा केली तो सर्व बायकांना कधीच मिळाला नाही. वाड्यातील बाळंतीण चाळीस दिवस बाजेवर, आणि तिच्या घरची धुणी धुणारी, कापूस वेचणारी बाई बाराव्या दिवशी कामावर. जिच्या मजुरीवर चूल पेटते तिला कोण म्हणणार की शेगडी घेऊन बस? मुंबईच्या गिरण्यांतील बाया लेकराला अफू असलेली बाळागोळी देऊन निजवीत आणि खात्यात जात. त्यांना कोणी अडाणी म्हणेल. परंतु बाळाला झोपविल्याशिवाय पगार नव्हता.

हे ओळखून कायद्याने उत्तर मागणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यात वाटा द्यावा, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १९२९ साली मुंबई प्रांतात आणि १९३० साली मध्यप्रांतात असे कायदे झाले. १९६१ साली सर्व देशासाठी कायदा झाला, त्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. आमच्या बँकेतील भगिनींना ती मिळते आणि मिळालीच पाहिजे. परंतु वेचणीला, निंदणीला जाणाऱ्या बाईला कोणता मालक रजा देणार? तिच्यासाठी २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६००० रुपयांचा हक्क सांगितला आणि २०१७ सालापासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये मिळतात. २०२२पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये आहेत.

येथे आमच्या कारकुनी सवयीप्रमाणे एक भागाकार करून पाहू. पाच हजारांना बेचाळीस दिवसांनी भागले तर दिवसाला ११९ रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. त्या हिशोबाने बेचाळीस दिवसांची मजुरी १२,४७४ रुपये होते. शिवाय हे पाच हजार एकदम येत नाहीत. ३००० गरोदरपणी नोंदणी व तपासणी झाल्यावर, आणि उरलेले २००० बाळाची जन्मनोंद व लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर. ती फेरी साडेतीन महिन्यांच्या लसींनी पुरी होते. म्हणजे दुसरा हप्ता येतो तेव्हा सव्वा महिना केव्हाच संपलेला असतो आणि बाई कामावर गेलेली असते. आमच्या खिडकीवर दोन हजार काढण्यास येणाऱ्या कित्येक बाया शेतातून तशाच आलेल्या असतात. लसीकरणाला प्रोत्साहन म्हणून अट ठीक आहे. विश्रांतीची भरपाई म्हणून तिचा उपयोग थोडा. हा हप्ता प्रसूतीच्या आठवड्यातच मिळावा अशी मागणी आपल्यासारख्या संस्थांनी जरूर करावी.

तोपर्यंत निदान आहे ते पैसे अडू नयेत. पुष्कळ बायांचे पैसे केवळ कागदांमुळे लटकतात. खाते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाचे चालत नाही, बाईच्या स्वतःच्या नावाचे लागते. आधारवर माहेरचे नाव आणि पासबुकावर सासरचे नाव असेल तर ते आधी जुळवून घ्यावे. खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे पाचव्या-सहाव्या महिन्यातच बँकेत येऊन विचारावे. दिवस भरल्यावर त्या बाईला रांगेत उभे करू नये. जुने, वर्षानुवर्षे न वापरलेले खाते असेल तर ते पुन्हा चालू करून घ्यावे लागते, त्याला थोडे दिवस लागतात. बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत केली तर कोणतेही विलंबशुल्क लागत नाही. दवाखान्यातून निघतानाच त्याची चौकशी करून ठेवावी. आपल्या संस्थेतील महाविद्यालयीन मुलामुलींनी वस्तीतील गरोदर बायांची एक वही करून हे चार कागद तपासून दिले, तर अर्ध्या दिवसाचे काम आहे.